गुण्याचे वीस आणि टेपचे वीस

वादळ सायंकाळपर्यंत किनाऱ्यावर धडकणार, असे रेडिओने सकाळीच जाहीर केले होते. आणि निवृत्त पोस्टमन तोकुहिरो सेइजि मात्र आपल्या परसातील काँक्रीटच्या कोब्यावर हतबुद्ध होऊन बसला होता. नव्या शेडची लाकडी चौकट कोब्याला जखडल्यावाचून गत्यंतर नव्हते. गेल्या वर्षी त्याची जुनी शेड उडून शेजारच्या ओकाबायाशी आजींच्या वांग्यांच्या हरितगृहावर कोसळली होती. तेव्हापासून त्याला त्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती.

काँक्रीट ओले असतानाच त्याने चार कोपऱ्यांपासून बरोबर वीस-वीस सेंटिमीटरवर बोल्ट रोवले होते. तळाच्या तुळयांना भोकेही वीसवरच पाडली होती. तथापि तुळई ठेवून पाहावी, तो बोल्ट भोकापासून आठ सेंटिमीटर आत उभा! चारही ठिकाणी तीच गत.

दिवंगत सासऱ्यांच्या पोलादी गुण्याने, ज्या काटकोनी मापपट्टीने बोल्ट रोवले होते तिनेच, त्याने बोल्टचे अंतर पुनश्च मोजले. वीस. टेपने भोकाचे मोजले. वीस.

"दमट हवेत लाकूड फुगतं म्हणे," त्याची पत्नी मित्सुए म्हणाली.

"आठ सेंटिमीटर? तुळई आहे का तांदळाची भाजलेली मोची, टम्म फुगायला?"

"मग बोल्ट आहेत तिथं नवी भोकं पाडा नि मोकळे व्हा. आभाळ बघा जरा!"

"कुठलं वीस खरं ते कळल्याशिवाय गिरमिट लावणार नाही. चुकीच्या मापानं बसवलेली शेड परत उडाली तर?"

इतक्यात कुंपणापलीकडून ओकाबायाशी आजी आल्या. त्या सुताराची विधवा होत्या.

"काय हो पोस्टमन, यंदाही तुमची शेड माझ्याकडे पाहुणी येणार वाटतं? आधी कळवा हं, चहा टाकून ठेवते."

सेइजिने मान खाली घालून सर्व हकीकत निवेदन केली. आजींनी गुण्या हाती घेतला, उलटापालटा केला आणि त्या खो-खो हसू लागल्या.

"अहो, ही मागची बाजू! गोल ओंडक्याच्या तोंडावर आडवी धरायची, म्हणजे त्यातून केवढी चौकोनी तुळई निघेल ते कळतं. टेपनं अठ्ठावीस भरणाऱ्या ओंडक्यातून वीसची तुळई निघते, म्हणून इथलं वीस म्हणजे टेपचं अठ्ठावीस. लग्न ठरल्यावर आमचे हे मला हेच शिकवत बसायचे. दुसरं काही बोलायचं सुचेल तर शपथ!"

"म्हणजे हे वीस खोटं?"

"खोटं कसं? ओंडक्यासाठी खरंच की!"

एकाच पोलादावर दोन वीस, आणि दोन्ही खरी! सेइजिच्या मनातील गोंधळ निवळण्याऐवजी अधिकच दाटला.

"पण आजी, अठ्ठावीसवरचे बोल्ट धरतील?"

"कोपऱ्यापासून फूटभराच्या आत आहेत ना? धरतील. उठा आता!"

त्याने गिरमिट लावले. बोल्ट नव्या भोकांतून वर आले. रुंद वॉशर बसले, नट आवळले गेले. शेवटच्या नटाच्या वेळी पान्यावर आजींनी स्वतःचा भार टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडल्यावर सेइजि अनवाणीच परसात धावला. शेड जागच्या जागी उभी होती.

"पोस्टमन! पाहुणी आलीच नाही हो, चहा फुकट गेला!" कुंपणापलीकडून हाक आली.

सेइजिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि वर्षभरानंतर प्रथमच आजींच्या डोळ्यांत पाहिले. मग तो हळूच म्हणाला, "आजी, ते ओंडक्याचं पुन्हा एकदा सांगता का?"