पाण्यात उतरलेला रोग

लंडनमधल्या हॅरोच्या कम्युनिटी हॉलमध्ये एकही खुर्ची रिकामी नव्हती. स्टेजवर मीनाक्षीताई प्लास्टिकच्या टबात पाय सोडून बसल्या होत्या. महाराजांनी पाण्यात मूठभर विभूती टाकली, रुद्राक्ष गुंडाळलेली 'शक्तिनलिका' सोडली, प्लग लावला आणि डोळे मिटले. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग तांबडं, मग गटारासारखं.

"उतरला रोग," महाराज म्हणाले. "काळपट आहे ते लिव्हरचं, तांबूस ते रक्तातलं विष. हॉस्पिटलवाले हेच आत कोंडतात आणि वर केमो ओततात."

लोकांनी हात जोडले. मागे उभ्या असलेल्या सुमेधाने मात्र जोडले नाहीत. ताई तिची नणंद. छातीत गाठ सापडल्यावर मिळालेली ऑपरेशनची तारीख त्यांनी परस्पर रद्द केली होती आणि अख्खा हिवाळा इथल्या टबात घालवला होता.

चाळिशी उलटल्यावर सुमेधा इथल्या कॉलेजात बायॉलॉजी आणि फिजिकल सायन्स शिकत होती. पुढे रेडिओग्राफी करायची म्हणून. त्याच आठवड्यात तिने लॅबमध्ये मिठाच्या पाण्यात दोन खिळे सोडून बॅटरी जोडली होती. पाणी थेट असंच झालं होतं. शिकवणारी नताली म्हणाली होती, "घाण नाही ही. गंज आहे."

महाराज प्रसाद वाटायला खाली उतरले, तशी सुमेधा स्टेजवर चढली. तिने ताईंना पाय बाहेर घ्यायला लावले, टब ओतून धुतला, ताजं पाणी भरलं, विभूती टाकली, नळी सोडली आणि प्लग लावला. टबात कुणाचेच पाय नव्हते. पाणी पिवळं झालं, मग तांबडं.

"विभूतीत मीठ आहे, नळीत लोखंड," ती म्हणाली. "विजेनं लोखंड झिजतं, त्याचा हा गंज. रोग उतरत नाही."

महाराज हसले. "इथे एवढे आजारी बसलेत. न शिवता त्यांचा रोग खेचला. केवढी ही शक्ती."

टाळ्या पडल्या. पुन्हा रांग लागली.

ताई तेवढ्या टबाकडे बघत राहिल्या. "माझे पाय तर बाहेर होते गं."

"हो, ताई."

"चल. हॉस्पिटलला फोन लाव."

स्कॅनमध्ये कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरलेला दिसला. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना ट्रेनमध्ये ताई म्हणाल्या, "मला कापून घ्यायची भीती वाटत होती. कापायची गरज नाही, असं तो म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं."

उन्हाळा संपायच्या आत ताई गेल्या.

भेटायला आलेली शेजारची शिल्पा म्हणाली, "श्रद्धा कमी पडली त्यांची. माझ्या आजारी आईला मी नेतेय. महाराज आता साउथहॅम्प्टनला असतात."

सुमेधाने तिचा हात धरला. "श्रद्धा ठेव, मी नको म्हणत नाही. पण आईचे पाय बुडवायच्या आधी टब एकदा नुसता लावायला सांग. पाणी तरीही तांबडं झालं, तर तिला घेऊन सरळ डॉक्टरकडे जा. एवढंच कर."

शिल्पाने पर्समधून फोन काढला.

"बरं," ती म्हणाली. "विचारून बघते महाराजांना."