शेपटीला धरून

माझा जन्म ॲमस्टरडॅमचा, हाच माझा गुन्हा. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी माझ्या सासूनं, आरेन्ट्येबाईंनी, तो माफ केलेला नाही. त्या स्खेवेनिंगेनच्या, समुद्राकाठच्या. तिथल्या बंदरावर त्यांच्या आईनं हेरिंग माशाची टपरी टाकली, मग ती सासूबाईंकडे आली आणि आता माझ्या बायकोकडे, योपीकडे. ॲमस्टरडॅमला आम्ही मिठात मुरवलेल्या कच्च्या हेरिंगचे तुकडे करतो, वर कांदा भुरभुरवतो आणि काडीला टोचून खातो. इथं अख्खा मासा शेपटीला धरायचा, डोकं मागे टाकायचं आणि वरून तोंडात सोडायचा. "तुकडे मांजराला घालतात, जावईबापू," असं सासूबाई पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या आणि अजून म्हणतात.

दर जूनमध्ये नवा हेरिंग येतो. पहिलं पिंप उघडलं की पहिला मासा टपरीच्या मालकिणीनं खायचा, सगळ्या रांगेसमोर, शेपटीला धरून. ती "चांगलाय" म्हणाली की विक्री सुरू. तीन पिढ्या हे चाललंय. योपीला या एका घासाचं जेवढं अप्रूप, तेवढं मला वाटतं माझंही नसेल.

गेल्या वर्षी मात्र ती ऐन वेळी म्हणाली, "आई ऐंशीची झाली. यंदा पहिला मासा आईचा." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी किती भोळा आहे ते मला नंतर कळलं.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट झाली होती. आमच्याकडे माणूस भेटलं की तीन मुके, डावा, उजवा, पुन्हा डावा. सकाळी टपरीवर जाताना योपी मला ते न चुकता द्यायची. मग तिनातला एकच राहिला, तोही घाईत. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. दोन महिने मी न सांगता भांडी घासली.

खरं काय ते डिसेंबरमध्ये बाहेर आलं. मासा सोलताना योपीच्या हातातून सुरी गळून पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली.

"अंगठा माझा नाहीच असं वाटतं," ती म्हणाली. "आणि मानेपासून खाली कळ जाते. विजेची तार लावल्यासारखी."

"कधीपासून?"

"झालं वर्ष-दीड वर्ष. आरडाओरडा कशाला करायचा?"

आमचे घरचे डॉक्टर माणसाचा पाय हातात आणून दिला तरी पॅरासिटामॉल देतील. त्यांनी ते दिलंच, वर सहा आठवडे थांबा म्हणाले. तसं बरोबरच होतं, कारण बहुतेकांचं हे दुखणं आपोआप निवतं. योपीचं निवलं नाही. व्यायाम झाले, शेक झाला, शेवटी एमआरआय झाला आणि आम्ही मणक्याच्या डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर योंकर ही उंच, तरुण बाई. तिनं पडद्यावर दाखवलं, मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकून अंगठ्याकडे जाणाऱ्या नसेवर बसली होती.

"ती गादी काढायची, तिथं पिंजऱ्यासारखा छोटा आधार बसवायचा, आणि ते दोन मणके काही महिन्यांत जुळून एक होतात," डॉक्टर म्हणाली. "काही विचारायचंय?"

माणसं विचारतात, दुखेल का, जिवाला धोका आहे का. योपीनं विचारलं, "डोकं मागे किती जाईल?"

"थोडं कमी. रोजच्या कामात जाणवणारही नाही."

योपी उठली आणि तिनं कोट चढवला. "मग नको."

घरी मी तिच्याशी भांडलो. सुरी धरता येत नाही, उद्या पायावर पडेल, नस कायमची गेली तर? सुंभ जळाला तरी पीळ जाईल तर ती आरेन्ट्येबाईंची लेक कसली! शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "एव्हर्ट, अंगठा गेला तर मासे तू सोलशील. पण सगळ्या बंदरासमोर मी तुकडे खायचे का? मांजरासारखे?"

इथंच घोडं पेंड खात होतं, आणि हे ती डॉक्टरला सांगायला तयार नव्हती. कामाचं माणूस आजाराचं कौतुक करत नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. पण मी ॲमस्टरडॅमचा. मला ना भीड ना मुरवत. पुढच्या तारखेला मी फ्रीझरमधला एक हेरिंग वितळवून, सोलून, कागदात गुंडाळून खिशात नेला आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवला.

"एव्हर्ट!" योपी ओरडली.

"आमची अडचण ही आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर हसली नाही. "मी दक्षिणेकडची, आमच्याकडे मासा तळतात. मला करून दाखवा."

योपीनं मासा शेपटीला धरला आणि डोकं मागे नेलं. नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळापर्यंत चढली आणि डोकं तिथंच अडलं. तिच्या तोंडून "आई गं" निघालं आणि मासा डॉक्टरच्या कीबोर्डवर पडला.

"बघा," कीबोर्ड पुसत डॉक्टर म्हणाली, "ही तुमची ऑपरेशन न केलेली मान. मानेत सात मणके असतात. मी दोघांमधला एक सांधा बंद करणार. बाकीचे हलतातच. आत्ता तुम्हाला अडवतंय ते दुखणं. मी हमी देत नाही. हातातली कळ बहुतेकांची लवकर जाते, बधिरपणा हळूहळू जातो, कधी थोडा राहतो. पुढे वर-खालच्या गाद्यांवर जास्त ताण येऊ शकतो. आणि सिगारेट ओढत असाल तर हाड जुळायला फार अवघड."

योपीनं माझ्याकडे पाहिलं, मग पर्समधून सिगारेटचं पाकीट काढून टेबलावर हेरिंगशेजारी ठेवलं. "आईला सांगू नका."

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. शेजाऱ्यांना वाटलं होतं मानेला मागून चिरतात. पण टाके पुढे, गळ्याच्या एका सुरकुतीत, बोटभर लांबीचे. श्वासनळी आणि अन्ननळी बाजूला सारून आत जातात म्हणे. शुद्धीवर आल्यावर योपी पहिलं काय बोलली? "कळ नाही," असं ती कुजबुजली. मला आनंद मावेना.

कुजबुजली, कारण आवाज बसला होता. बंदराच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारणारी बाई तीन आठवडे कानात बोलत होती. हे होतं, परत येतो आवाज, असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. मी ते दिवस मनापासून उपभोगले. गिळायला त्रास म्हणून ती फक्त कस्टर्ड आणि सूपवर. गळा सुजला, श्वास लागला, ताप आला तर लगेच फोन करा, असा कागद मी फ्रीजवर चिकटवला होता आणि रोज जेवताना मोठ्यानं वाचायचो.

"एव्हर्ट," ती कुजबुजायची, "मी मेले तर त्या कागदाच्या कंटाळ्यानं मरेन."

भेटायला येणाऱ्यांना मी दारातच अडवायचो. तीन मुके नाहीत, मान वळवायची नाही. तरी शेजारच्या कोबसकाकांनी सवयीनं डावीकडून झेप घेतली आणि मी मध्ये आडवा झालो. ते तीनही मला मिळाले. सायकल सहा आठवडे बंद, मागचं वळून पाहता येत नाही म्हणून. ओझी उचलायची बंदी तर त्याहून लांब. मासे मी सोलत होतो आणि सासूबाई स्टुलावर बसून माझ्या सुरीची हजेरी घेत होत्या.

मे महिन्यात एका सकाळी योपीनं माझ्या हातातून मासा काढून घेतला. अंगठा त्याच्या पोटावरून फिरवला आणि तशीच उभी राहिली.

"थंड आहे," ती म्हणाली.

"बर्फातला आहे, थंडच असणार."

"अरे गाढवा, माझ्या अंगठ्याला थंड लागतंय!"

मी तिथं, गिऱ्हाइकांसमोर, ढसाढसा रडलो. सासूबाई म्हणाल्या, "ॲमस्टरडॅमची माणसं," आणि स्वतःचं नाक शिंकरलं.

जूनच्या आधीच्या तपासणीत हाड जुळायला लागलेलं दिसलं. आता मान मोकळी वापरा, डॉक्टर म्हणाली. पण योपीनं घरी एकदाही करून पाहिलं नाही. "पहिला म्हणजे पहिला," म्हणाली. पिंप उघडायच्या आदल्या रात्री मला झोप आली नाही, ती घोरत होती.

पिंप उघडलं तेव्हा रांग दिवाबत्तीच्या खांबापर्यंत गेली होती. मी एक ताटली, सुरी आणि काडी फळकुटाखाली लपवून ठेवली होती, वेळ आलीच तर. योपीनं सुरी घेतली. अंगठ्याचं टोक अजून थोडं बधिर आहे, पण सुरी हलली नाही. तिनं मासा सोलला, काटा काढला, शेपटीला धरला. डोकं मागे गेलं. नजर गोदीच्या भिंतीपर्यंत गेली, डोलकाठ्यांपर्यंत गेली, तिथून पुढे आभाळातल्या सीगलपर्यंत गेली. तोंड उघडलं. अर्धा मासा गेला, मग उरलेला. गळा हलला.

"चांगलाय!" ती अशी ओरडली की पलीकडच्या बोटीवरचा कुत्रा भुंकायला लागला.

टाळ्यांच्या गोंधळात सासूबाईंनी माझी बाही ओढली. "जावईबापू, ती खाली लपवलेली ताटली बाहेर काढा. माझ्या माशाचे तुकडे करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुकडे? तुम्हाला?"

"गेल्या वर्षी हिच्या त्या प्रेमापायी माझी मान पंधरा दिवस आखडली होती. बोलले का मी? कांदा पण घाला. थोडा. आणि कुठं बोललात तर याद राखा."

मी तुकडे करत असताना योपी फळकुटावरून माझ्याकडे वाकली. हात माशानं बरबटलेले, म्हणून ते तिनं मागे धरले. डावीकडे एक मुका दिला. मान वळवून उजवीकडे एक. आणि पुन्हा वळवून डावीकडे, सावकाश.