साधा का हाय?

मित्रांनो, हसणार नसाल तर वय सांगते. बावीस. तुमच्यात बावीस म्हणजे कोवळं वय. आमच्या मोटारसायकलींत बावीस म्हणजे सीटवर कोंबडी येऊन बसते आणि तिला कुणी हाकलत नाही. मी एक जुनी शंभर सीसीची गाडी आहे. किकनं सुरू होते. कधी पहिल्या किकला, कधी आठव्या. ते माझ्या मूडवर आहे.

जन्माचं फार आठवत नाही. कारखान्यात माझ्यासारख्याच काळ्या बहिणी पुढेमागे उभ्या होत्या. कुणीतरी टाकीवर टिचकी मारून बघितली आणि ट्रकात चढवलं. तिथून भिवंडीचं शोरूम, आणि शोरूममधून मला काल्हेरच्या केसरीनाथ मालकांनी घरी आणलं. आमचे मालक आगरी माणूस. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि चूक कबूल करायची वेळ आली की एकदम खोकला येतो.

तेव्हा त्यांनी भिवंडीत चार लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला घेतले होते. लूमवरून उतरलेल्या कापडाचे ताके माझ्या पाठीवर आडवे टाकून आम्ही बाजारात जायचो. तीन ताके, वर मालक, वर त्यांचा डबा. घरी जाताना मालकांची आई, आक्का, एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर सुकटीची टोपली. मी कधी कुरकुरले नाही. लूमच्या गल्लीत नूर मोहम्मद मिस्त्रींचं गॅरेज आहे. नूरभाई मालकांचे शाळेपासूनचे दोस्त. ते माझा कान पिळायचे, म्हणजे अॅक्सिलेटर हो, आणि म्हणायचे, "केसरी, ही गाडी न्हाय, बकरी हाय. काय पण पाज, चालते."

हे कौतुक मी वीस वर्षं जपून ठेवलं होतं. मग ती आली.

ती म्हणजे लाल. मालकांच्या पोरीचं नाव पूर्वी. ती वडप्याच्या गोदामात सुपरवायझर लागली आणि स्वतःच्या पगारातून तिनं चारशे सीसीची गाडी आणली. गावात लोक बोलले. पोरीला एवढी गाडी झेपणार का, पाय तरी टेकतात का, वगैरे. पूर्वीनं कुणाला उत्तर दिलं नाही. हेल्मेट घातलं आणि निघाली.

माझं लोकांसारखं नव्हतं, मित्रांनो. पूर्वीला झेपेल हे मला माहीत होतं. तिला पहिला गिअर मीच शिकवलाय. माझा राग त्या लालीवर. तिला शाम्पू, मला पावसाचं पाणी. तिला कापडी कव्हर, माझ्या हँडलला कांद्याची पिशवी. आणि सगळ्यात झोंबलं ते तिचं खाणं. तिच्या टाकीच्या झाकणाखाली छापलेलं होतं, ऑक्टेन पंच्याण्णव किंवा जास्त.

मालकांनी चष्मा लावून ते वाचलं. "हे काय नवीन?"

"पप्पा, हिला साधं पेट्रोल चालत नाही," पूर्वी म्हणाली. "हाय ऑक्टेन लागतं. पंपावर वेगळी नळी असते."

वेगळी नळी. ऐकलंत? बावीस वर्षं मी सगळ्यांच्या उष्ट्या नळीनं प्यायले, आणि ही काल आलेली वेगळ्या नळीनं पिणार. त्या दिवसापासून मी माझे उद्योग सुरू केले. बरोबर तिच्या चाकाखाली ऑइलचा थेंब सोडायचा. मालकांनी ढकलत आणलं की आपला आरसा तिच्या आरशाला घासायचा. कोंबडी माझ्या सीटवर आली की सीट इतकी कडक करायची की ती वैतागून मऊ लाल सीटवर जावी. आणि कोंबडी सीटवर नुसती बसत नाही, हे तुम्हाला माहीतच असेल.

अशात घर पाडून नवी बिल्डिंग झाली आणि आमच्या वाट्याला दुचाकीसाठी एकच चौकोन आला.

"जुनी देऊन टाकू, पप्पा," पूर्वी म्हणाली. "वळ गावचा भंगारवाला रविवारी येतोय."

"बघू," मालक म्हणाले, आणि त्यांना खोकला आला.

तो सोमवार होता. हातात सहा दिवस. माझ्या डोक्यात एकच गोष्ट भिनली. तिचं ते महागाचं पेट्रोल मला एकदा मिळालं ना, तर मी अशी पळून दाखवेन की भंगारवाल्याला चौकोनात उभा करतील आणि मला घरात घेतील.

आणि मिळालं. कसं, ते ऐका. आमच्या गावाकडच्या बोलीत 'आहे' म्हणायचं असलं की 'हाय' म्हणतात. मंगळवारी मालक मला पंपावर घेऊन गेले. तिथं कुमार नावाचा नवीन माणूस लागला होता. त्यानं विचारलं, "काका, साधा का हाय?"

त्याला म्हणायचं होतं, साधं पेट्रोल टाकू की हाय ऑक्टेन? मालकांना ऐकू आलं, साधा आहे का? त्यांना वाटलं, नवीन माणूस आहे, खात्री करून घेतोय.

"हाय," मालक म्हणाले.

"हाय ना नक्की?"

"अरे हाय म्हंजे हाय. बावीस वर्सं साधाच हाय."

कुमारला पहिला शब्द पुरला. त्यानं वेगळी नळी उचलली आणि माझ्या टाकीत घातली. मित्रांनो, मी डोळे मिटले असते, पण हेडलाइटला पापण्या नसतात. मालकांना कळलं तेव्हा अर्धी टाकी भरली होती.

आता बघा म्हटलं. आता उडते. मालकांनी पण कान पिळला, बघू तरी म्हणून. उड्डाणपुलाचा चढ आला. आणि मी चढले, रोजच्यासारखी. तेवढ्याच वेगानं, तेवढीच धापा टाकत. बाजूनं एक टेम्पो पुढे गेला. मग एक स्कूटर. मग, खोटं कशाला बोलू, एक सायकलवाला पण, पण तोवर उतरण लागली होती. घरी आल्यावर मी लालीसमोर मुद्दाम मोठ्यानं फटफट केलं, जशी काय रेस जिंकून आले. मालकांनी मात्र टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काडीचा फरक पडला न्हाय. उगाच नावं ठेवल्यात, साधा नि हाय."

ही बावीस वर्षांतली त्यांची सगळ्यात मोठी चूक. गंमत म्हणजे प्रयोग झाला माझ्यावर आणि निकाल लागला तिच्यावर.

गुरुवारी पूर्वीची डबल शिफ्ट होती. ती म्हणाली, "पप्पा, माझी टाकी भरून आणाल? हायवालं टाका." मालक लालीला घेऊन गेले. परत आले ते माझ्या शेजारी टेकले आणि हळूच बोलले, "तिला पण साधाच पाजला. फरक पडत न्हाय ते आपल्या दोघांना माहीत हाय."

मी ऐकलं आणि गप्प बसले. म्हणजे मी तशीही गप्पच असते, पण या वेळी मनापासून गप्प होते. उष्ट्या नळीचं पी म्हणावं आता.

शुक्रवारी पूर्वी वडप्याहून आली तीच चेहरा पाडून. "पप्पा, इंजिनात टकटक येतंय. चढावर जास्त. काहीतरी सुटलंय आत."

मालकांनी खोकायला सुरुवात केली.

"सर्व्हिसिंग तर आत्ताच झालंय. मीच काहीतरी केलं असणार." ती पायरीवर बसली. "लोक बोलत होते ते बरोबर होतं. मला नाही झेपत. विकून टाकते ही. बसनं जाईन."

"मंग ती जुनी राहू दे का?" मालक म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

"राहू दे."

माझ्या टाकीत गुदगुल्या झाल्या. चौकोन माझा. लाली जाणार, शाम्पू मला, कव्हर मला. कांद्याची पिशवी हवं तर कोंबडीच्या गळ्यात. त्या रात्री मी ऑइलचा एक थेंब पण सांडला नाही, इतकी खूश होते.

शनिवारी विकायच्या आधी नूरभाईंना दाखवू म्हणून दोघं निघाले. मालक माझ्यावर, पूर्वी लालीवर. पूर्वी इतकी हळू चालवत होती की मी तिच्या पुढे गेले. मागं वळून बघायची सोय असती तर सोडली नसती.

गल्लीत चारी बाजूंनी लूम खटखटत होते. नूरभाईंनी लालीवर एक चक्कर मारली, आणि त्या खटखटीतही त्यांच्या कानानं टकटक टिपली. ते उतरले आणि हात पुसत इंजिनाकडं बघत राहिले.

"चाचा, माझं चुकलं असेल तर सांगा," पूर्वी म्हणाली. "मी बहुतेक चुकीच्या गिअरला ओढते. माझ्या हातात बसतच नाही ही." तिचा आवाज बारीक झाला होता. गोदामात पन्नास माणसं हाकणारी पोरगी, आणि हँडलला हात लावायला घाबरत होती.

नूरभाईंनी मालकांकडं बघितलं. "केसरी, टाकीत हाय हाय ना?"

मित्रांनो, त्या वेळी मालक गप्प राहिले असते तर मी जिंकले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, खोका. खोका ना मालक, जोरात खोका. त्यांनी मग पोरीच्या हाताकडं बघितलं. हेल्मेटचा पट्टा तिनं मुठीत पिळून धरला होता.

"न्हाय," मालक म्हणाले.

"न्हाय म्हंजे? पेट्रोल न्हाय का हाय न्हाय?"

"हाय न्हाय. साधा हाय. मीच टाकला. तुजा काय चुकला न्हाय, पूर्वी. माजा चुकला."

"पप्पा, आणि दोन दिवस मला बोलला नाहीत?"

"ही भंगारात जाईल म्हून," मालक माझ्याकडं बोट करून म्हणाले, आणि चप्पलेनं जमीन उकरू लागले.

पूर्वी रागानं काहीतरी बोलणार होती. पण तिचा पट्टा सैल सुटला आणि तिनं आधी लांब श्वास सोडला. "म्हणजे मला चालवता येते."

"तुला येते, बेटा," नूरभाई म्हणाले. "तुझ्या बापाला भरता येत न्हाय." मग मालकांना समजावलं. "हाय म्हंजे ताकद वाटली तुला? ताकद न्हाय रे, सबर, सबुरी. ह्या लालीच्या इंजिनात पेट्रोल लई दाबून पिळतात. साध्याला तेवढं सहन व्हत न्हाय. ठिणगीची आग पोचायच्या आधीच आपला आपण भडकतो. तीच टकटक. हायवाला दाब सोसतो, वेळ येईपर्यंत थांबतो. तुझी बकरी दाबतच न्हाय फार, तिला तो सबर पाजून काय करायचा?"

मला एवढं बोलले नसते तरी चाललं असतं.

मग त्यांनी पाईप घातला, लालीचं साधं पेट्रोल डब्यात काढलं आणि, बघा नशीब, तो डबा माझ्या टाकीत ओतला. तिचं नको असलेलं ते माझं पोटभर. आणि कबूल करते, छान बसलं पोटाला. पंपावरून हायवालं आणून लालीत घातलं. पूर्वी एक चक्कर मारून आली. टकटक गेली होती. पोरगी हसत होती.

"हिला भंगारात नको घालू," नूरभाई म्हणाले. "माझ्याकडं ठेव. सामान आणायला व्हईल." आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून त्यांनी माझ्या टाकीवर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलं, साधा. तिचं झाकणाखाली बारीक अक्षरात, सभ्यपणे. माझं गल्लीभर वाचता येईल असं.

मालकांनी माझी चावी नूरभाईंच्या हातात दिली आणि पोरीच्या मागं बसले. बावीस वर्षांत मी त्यांना कधी मागं बसलेलं बघितलं नव्हतं. दोन्ही हातांनी मागची कडी घट्ट धरली होती. वळणावर त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, मग गाडी वळली.

आता मी लूमच्या गल्लीत असते. प्लग, चेन, कधी कधी नूरभाईंचं दळण आणते. काम मिळतं, किक पण पहिल्या तीनात बसते. दर दोन महिन्यांनी लाली सर्व्हिसिंगला येते, चकचकीत, आणि मी अजून जळते. खोटं नाही बोलणार. सबर माझ्यात कधी नव्हताच.

तर मित्रांनो, तुमच्या घरी जी गाडी असेल, तिच्या टाकीचं झाकण एकदा उघडून वाचा, नाहीतर तिचं पुस्तक बघा. लिहिलं असेल ते पाजा. जास्तीचं पाजून लाड होत नाहीत आणि कमीचं पाजून बचत होत नाही. पंपावर उत्तर द्यायच्या आधी प्रश्न नीट ऐका. जुनी गाडी असेल तर तिला महागाचं काही नको. वेळेवर ऑइल बदला, चेनला ग्रीस लावा, सीटवरची कोंबडी हाकला. आणि शेजारी नवी गाडी उभी असेल तर एवढी मेहरबानी करा, आम्हाला तिच्याकडं पाठ करून लावा.