दुपट्ट्याखालची बोटं

"देवमन, तू टाक हात," म्हातारा मारोतराव म्हणाला.

आणि इंद्रभानचा पुढे गेलेला हात तिथल्या तिथे थांबला. लिंबाच्या सावलीत लखीराम व्यापारी आपल्या उजव्या हातावर दुपट्टा पसरून उभा होता, दुपट्ट्याच्या टोकातून त्याची बोटं वाट पाहत होती, आणि इंद्रभानची बोटं तिथून वीतभरावर पोचलीच होती. मग त्याने तोच हात मागे घेतला आणि बैलाची मान खाजवायला लावला. जणू तेवढ्यासाठीच तो पुढे केला होता!

वाशीमच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. चार लोकांसमोर आकडा सांगितला की सौदा नासतो. घेणाऱ्याने दुपट्ट्याखाली हात घालायचा, देणाऱ्याने त्याची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. वर चेहरे मख्ख, खाली घासाघीस. बघणाऱ्याला दिसतं ते फक्त हलणारं कापड. मारोतराव या खेळातला मोठा वस्ताद. जऊळक्याकडच्या लोकांत त्याचं नाव होतं. पण मागच्या हिवाळ्यापासून त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता, आणि कापणारी बोटं भलताच आकडा बोलतात. म्हणून आज म्हाताऱ्याला दुसऱ्याचा हात हवा होता. त्याने निवडला नातवाचा.

आता हे नीट समजायचं तर गावातले तीन थर समजायला हवेत. संवत छपन्नच्या दुष्काळात जन्मले ते छपन्ने. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली जन्मले ते मानमोडे. आणि स्वराज्य आल्यावर कमवायला लागले ते सुराजे. नावं कोणा टवाळाने ठेवली देव जाणे, पण पारावर बसल्या बसल्या माणूस कोणत्या थरातला हे लोक नुसत्या अंगरख्यावरून ओळखत. छपन्न्यांना जन्मताना खायला नव्हतं, पण मिसरूड फुटलं तेव्हा जर्मनची पहिली लढाई होती आणि कापसाला नको तेवढा भाव होता. त्यांनी वावरं घेतली, माड्या चढवल्या, बायकांच्या गळ्यात सोनं घातलं. सुराज्यांना नोकऱ्या होत्या. महिन्याला पगार, मनगटाला घड्याळ, खाली सायकल. आणि मानमोडे? ते जाणते झाले तेव्हा मंदी होती. त्यांच्या शाळा सुटल्या, लग्नं उसन्या भांड्यांवर झाली. मंदी सरली तेव्हा रॉकेलचं रेशन आलं. ते सरलं तेव्हा वावर बापाच्या नावावर होतं, चाव्या बापाच्या कमरेला होत्या, आणि बाप, देवाच्या दयेने, ठणठणीत होता!

इंद्रभान मानमोडा होता. एकोणचाळीस वर्षांचा. मारोतराव छपन्न्या त्याचा बाप, देवमन सुराज्या त्याचा लेक. वाशीमच्याच एका कचेरीत कारकून. आज घ्यायच्या जोडीला अर्धे पैसे म्हाताऱ्याचे होते, अर्धे पोराचे. इंद्रभानची होती पारख. तीन बाजार फिरून त्याने ही जोडी हेरली होती. चार दाती, पांढरी, कानाच्या आत कोवळी गुलाबी. पंधरा दिवस तो बायकोला, तुळसाबाईला, या बैलांच्याच गोष्टी सांगत होता. ती शेवटी म्हणाली होती, "आवं, लेकीच्या लग्नातबी इतके हरखले नव्हते तुमी!"

तिला काय ठाऊक. एक तरी गोष्ट आपल्या हाताने घ्यावी, घरी आणावी आणि दावणीला बांधून म्हणावं की ही मी आणली, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी हात दुपट्ट्याखाली जायला हवा होता.

"मी?" देवमन म्हणाला. "आबाजी, मले नाही येत हे. अन् हे लपवाछपवी कायले? सांगा न जी सरळ, किती?"

आजूबाजूचे हसले. लखीरामही हसला. तो मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, बापजाद्यापासून बैलांचा व्यापारी.

"बाबूसाहेब," तो म्हणाला, "कचेरीत तुमचा कायदा, इथं बैलाचा. हात टाका, नाही तं रस्ता मोकळा करा."

"शिकून घे न बे," मारोतराव नातवाला म्हणाला. "मी हाय सांगाले."

"अन् बाबा उभे हायेत ते?" देवमन जरा चिडूनच बोलला. "जोडी त्यायनं पाह्यली, वागवतीन बी तेच. मंग हात मी कायले टाकू? बाबा, टाका तुमी."

म्हाताऱ्याने मोतीबिंदू आलेले डोळे इंद्रभानकडे वळवले. इंद्रभान शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला. एकोणचाळिसाव्या वर्षी, मिशा पिकायला लागलेला माणूस!

"टाक मंग," मारोतराव म्हणाला.

इंद्रभानने धोतराला हात पुसला आणि दुपट्ट्याखाली घातला.

लखीरामचा पंजा रुंद होता, कोरडा आणि गरम. त्याने इंद्रभानची तीन बोटं धरली. बरं, तीन. एवढं कुणालाही कळेल. मग त्याने मधल्या बोटाचं दुसरं पेर दाबलं. मग तळहातावर नख ओढलं, एकदा, दोनदा. आणि सोडून दिलं. आता उत्तर द्यायचं.

इंद्रभानला काहीच कळलं नाही.

अरे बापरे! दहा वर्षांचा असल्यापासून तो बापाच्या शेजारी कासरा धरून उभा राहत आला होता. पण त्याने पाहिलं होतं काय, तर दुपट्टा. पेर दाबलं की वाढतं का घटतं? नख ओढणं म्हणजे पाव का निम्मं? एकदा, लग्नाच्या नव्या नव्हाळीत, त्याने बापाला विचारलं होतं. मारोतराव म्हणाला होता, "तुले कायले पायजे? मी हाय न अजून." त्यानंतर त्याने विचारलं नाही. आणि इतकी वर्षं बाजूला उभं राहून राहून आपल्याला हे येतंच, असं त्याला वाटायला लागलं होतं.

लखीरामने पुन्हा बोटं धरली. तीन. पेर. नख. त्याचे डोळे इंद्रभानच्या डोळ्यांत होते.

विचारावं? म्हणावं की लखीरामभाऊ, मला येत नाही? देवमन तसं म्हणून मोकळा झाला होता आणि लोक कौतुकाने हसले होते. वीस वर्षांच्या पोराला न येणं शोभतं. इंद्रभानने बैलांकडे पाहिलं. डावा बैल त्याचा सदरा हुंगत होता. हो म्हणून टाकावं? पण कशाला हो? पैसे ना आपले, ना आकडा ठाऊक.

त्याने हात बाहेर काढला.

"नाही जमत," तो म्हणाला.

"नाही?" लखीराम चकित झाला. "यवढ्यावर बी नाही?"

"नाही."

मागे मंगरूळकडचा एक गिऱ्हाईक टपूनच होता. तो पुढे सरकला, दुपट्टा हलला न हलला तोच सौदा झाला. कासरा हातातून हातात गेला. पांढरी जोडी गर्दीतून निघाली आणि इंद्रभान वशिंडं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

तेवढ्यात पाठीवर थाप पडली. कापऱ्या हाताची.

"शाबास!" मारोतराव म्हणत होता. "शाबास रे पठ्ठ्या! जीव जडला व्हता तुहा त्या बैलाईवर, मले काय दिसत नाही? तरी भाव पटला नाही तं नाही म्हनलास. हे जमलं पायजे मानसाले. देवमन, पाह्य तुह्या बापाले!"

आयुष्यात पहिल्यांदा बापाने त्याला शाबास म्हटलं. ते ऐकायला तो कुठल्या कुठल्या उन्हात राबला होता. आणि आज मिळालं ते असं. इंद्रभानला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

देवमन आजाला घेऊन चहाच्या दुकानाकडे गेला. इंद्रभान "येतो" म्हणाला आणि लिंबाखालीच रेंगाळला. लखीराम पैसे कमरेला खोचून बिडी पेटवत होता. त्याच्याही मिशा पिकायला लागलेल्या.

"इंद्रभानभाऊ," तो हळूच म्हणाला, "येत नाही न तुमाले?"

इंद्रभानने पायाने धूळ सारखी केली.

"बापानं शिकोलं नाही?"

"इचारलं व्हतं एकडाव."

लखीरामने बिडी टाकली. इकडेतिकडे पाहिलं, दुपट्टा पुन्हा हातावर पसरला. "या. टाका हात."

बैल नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं. लखीरामने बोट धरलं आणि पुटपुटला, हे शंभर. पेर दाबलं, हे पन्नास वर. नख ओढलं, हे दहा खाली. पंजा म्हणजे पाचशे. मूठ आवळली की आखरी. एवढं सांगायला अर्धी बिडीसुद्धा संपली नसती.

"अजून?" इंद्रभानने विचारलं.

"अजून काई नाही. यवढंच."

"यवढंच?"

"यवढंच, भाऊ."

इंद्रभानचा हात कापडाखालीच होता. "मघा तुमी काय म्हनले व्हते," तो म्हणाला, "ते पुन्हा सांगा."

लखीरामला ते सांगायचं नव्हतं, पण त्याने सांगितलं. तीन बोटं. पेर. नख, दोनदा. आता एकेक खूण तोंडाने बोलल्यासारखी लख्ख कळली. इंद्रभान मनाशी जेवढे रुपये धरून आला होता, त्याहून ते कमी होते.

त्याने मान हलवली. मग, जोडी समोर उभी असल्यासारखी, त्याने लखीरामची तीन बोटं धरली, पेर दाबलं, नख तीनदा ओढलं आणि मूठ आवळली.

"जमलं," लखीराम हळूच म्हणाला. त्याने हात लगेच सोडवला नाही.

पलीकडून मारोतरावने हाक मारली, "इंद्रभान! चाल, गाडीचा टाइम झाला!"

"आलो," इंद्रभान म्हणाला. तो चहाच्या दुकानाशी गेला, म्हाताऱ्याची पिशवी त्याने खांद्याला लावली आणि त्याचा कापरा हात धरून त्याला स्टेशनाकडे घेऊन निघाला.