मर्टीच्या पबच्या छताला टांगलेली होडी

ज्या दुपारी रेडिओवर ती बातमी आली, त्या दुपारी मी मर्टीच्या पबमध्ये छताला उलटी टांगलेली होते. सरकारी वृद्धाश्रमात ठेवलेल्या आजारी म्हाताऱ्यांकडून सरकारनं वर्षानुवर्षं पैसे घेतले होते. कायद्यानं ते घ्यायलाच नको होते. आता सरकार ते परत करणार होतं. पबमधल्या लोकांनी ग्लास उंचावले. कुणी म्हणालं, सरकारनं चूक कबूल केली म्हणजे आता आकाश कोसळणार. सगळे हसले.

फक्त फेस्टी हसला नाही. तो खिडकीजवळच्या बाकावर बसला होता. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला विकून त्यानं तेच पैसे भरले होते.

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आम्हाला करख म्हणतात. आमच्या अंगात जड लाकूड नसतं. पातळ पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं जाड कापड आणि त्यावर डांबर, एवढंच आमचं शरीर. दोन माणसं मला डोक्यावर घेऊन चालू शकत.

समोरच्या बेटावर बार्टली नावाच्या माणसानं मला बांधलं. माझं कापड त्याच्या बहिणीनं, डीलियानं शिवलं. डांबर लावताना तिच्या वेणीला डांबर लागलं आणि ते काही केल्या निघेना. शेवटी बार्टलीनं मेंढ्यांची कात्री आणून तिचे केस कानापर्यंत कापले. पंधरवड्यानं तिचं लग्न होतं. किनाऱ्यावरचा फेस्टी नवरामुलगा. तो म्हणे तिला पाहून म्हणाला, "मी लोकर मागितली नव्हती, बायको मागितली होती." त्यावर ती म्हणाली, "मग परत जा. वल्ही तिथंच आहेत." तो परत गेला नाही. माझ्यातूनच ती सासरी आली.

त्यानंतर मी खूप कामं केली. पिठाची पोती नेली, मासे आणले, डुकरं नेली. डुकरांच्या पायांना गोणपाट बांधावं लागे, नाहीतर खुरानं माझं कापड फाटलं असतं. माणसांनाही माझ्यात बूट घालून बसायची बंदी होती, कारण बुटांच्या तळाला खिळे असत. एकदा नवे पाद्री आले. ते बुटांसकट पाय टाकणार, इतक्यात डीलिया म्हणाली, "फादर, स्वर्गात कसे जाल ते तुम्ही बघा, पण माझ्या होडीत मोज्यांवर जायचं." फादरच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. रविवारच्या प्रार्थनेला सगळ्या गावाला ते ठाऊक झालं होतं.

मग बेटावर शाळा राहिली नाही, डॉक्टर येईना. माणसं एकेक करून किनाऱ्यावर राहायला आली. शेवटची खेपही मीच केली. बार्टली बोस्टनला गेला. बेटावर बिनछपराची घरं आणि दफनभूमी राहिली. त्या दिवशी डीलिया माझ्या मागच्या फळीवर बसून बेटाकडे बघत होती. ती म्हणाली, "फेस्टी, मी गेले की मला आईशेजारी ने. याच होडीतून." त्यानं वल्हं न थांबवता हो म्हटलं. हा शब्द त्यानं दिला तेव्हा मी तिथं होते, म्हणून सांगते.

त्या बेटाला धक्का नाही. दोन खडकांच्या मधून अरुंद वाट आहे, तिथं पाणीही उथळ. इंजिनाची जड बोट तिथं लागत नाही. माझ्यासारखी हलकी होडीच लागते. आमच्या किनाऱ्यावर हळूहळू माझ्यासारखी दुसरी उरली नाही.

दर वसंतात फेस्टी आणि डीलिया मला डांबर लावत. तिनं आता डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला असे. ते दिवस आठवले की अजून मला डांबराचा वास येतो.

पुढं डीलिया आजारी पडली. अर्धं अंग लुळं पडलं, मग आठवणही जायला लागली. फेस्टीनं जमेल तितकं घरी केलं. एकदा तिला उचलताना दोघंही पडली आणि सकाळी शेजारीण येईपर्यंत तशीच राहिली. तेव्हा तिला सरकारी वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिचं पेन्शन तिकडं गेलं, तरी वर आणखी पैसे भरायचे राहात. फेस्टीनं आधी गाय विकली. मग मला.

मर्टी वाईट माणूस नव्हे. त्यानं योग्य दाम दिला. उन्हाळ्यात येणाऱ्या प्रवाशांना छताला होडी आवडते, म्हणून त्यानं मला टांगलं. पुसून स्वच्छ ठेवलं, आत दिवे लावले. खाली दिवसभर शेगडी पेटलेली असे. लोक म्हणायचे, किती छान सांभाळली आहे. मलाही आधी तसंच वाटलं. उबदार होतं, कोरडं होतं, वादळ नव्हतं. पण मित्रांनो, होडीला कोरडं ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. माझं डांबर तडकत होतं आणि ते खालून कुणाला दिसत नव्हतं.

फेस्टी रविवारी डीलियाला भेटून आला की पबमध्ये थांबायचा. मर्टीला तिथलं सांगायचा, म्हणून मला कळायचं. तीही तिथं स्वच्छ होती, उबेत होती. नवऱ्याचं नाव कधी आठवे, कधी नाही. पण एक विचारायला ती विसरत नसे. "भरती आहे की ओहोटी?" फेस्टी खिडकीशी न जाताच खरं उत्तर देई. मग ती विचारी, "होडी उलटी करून ठेवलीस ना?" पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून आम्हाला किनाऱ्यावर उलटंच ठेवतात.

"मग तू काय सांगतोस?" मर्टीनं एकदा विचारलं.

"उलटी आहे म्हणतो. छपराखाली आहे म्हणतो," फेस्टी म्हणाला. "खोटं कुठं आहे?"

मर्टी ग्लास पुसत राहिला.

डीलिया हिवाळ्यात गेली. फेस्टी काळ्या कोटात पबमध्ये आला. स्टुलावर चढला आणि त्यानं माझ्या पोटावर हात फिरवला. डांबराचे पोपडे त्याच्या बाहीवर पडले. बोटाच्या दाबानं कापड फाटलं आणि त्यातून दिवा दिसला. त्या थंडीत नवं कापड चढवायला, डांबर वाळायला वेळ नव्हता. तो खाली उतरला. डीलियाला रस्त्याकडेच्या नव्या दफनभूमीत पुरलं. तिथून समुद्र दिसत नाही.

त्यानंतर आली ती रेडिओवरची बातमी.

पैसे यायला बराच काळ गेला. ते आले तेव्हा फेस्टी सरळ मर्टीकडे आला. होडी परत पाहिजे म्हणाला.

"प्रवासी काय बघतील? छताचं भोक?" मर्टी म्हणाला.

"तुझं तोंड बघतील."

"आणि माझ्या छताचं इतक्या वर्षांचं भाडं?"

"तुझी पाणी घातलेली बिअर इतकी वर्षं प्यालो, त्यात वळतं कर."

मर्टीनं पैसे घ्यायला नकार दिला. फेस्टीनं ते काउंटरवर ठेवले. मर्टीनं परत सरकवले. शेवटी फेस्टी म्हणाला, "घे बाबा. हे तिचे आहेत. तिला बेटावर फुकटात न्यायची नाहीये मला." तेव्हा मर्टीनं ते घेतले आणि स्वतःच शिडी आणायला गेला.

त्यांनी मला किनाऱ्यावर नेऊन वाळूवर सरळ ठेवलं. फेस्टीनं बूट काढले, मोज्यांवर माझ्यात शिरला आणि बराच वेळ मागच्या फळीवर बसून राहिला. मग त्यानं जुनं कापड काढलं. सांगाडा शाबूत होता. बार्टलीचं काम होतं ते. नवं कापड फेस्टीनं स्वतः शिवलं. त्याचे टाके वाकडे आहेत. डीलियाचे सरळ होते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल, तर त्याला नुसतं उबेत ठेवून निघून जाऊ नका. त्याला काय लागतं ते त्याला विचारा. मला पाणी लागत होतं. सरकारनं घेतलेले पैसे परत दिले, हे चांगलंच केलं. पण माझ्या कापडाला पडलेल्या भेगा ते पैसे परत यायच्या आधीच पडल्या होत्या.

आता मी पुन्हा किनाऱ्यावर दगडांवर उलटी पडून असते. फेस्टी अजूनही रविवारी कबरीपाशी जाऊन भरती की ओहोटी ते सांगून येतो. मला वल्हवायला तीन माणसं लागतात. एक फेस्टी. दुसरा मर्टी, तो स्वतःच्या लग्नानंतर वल्ह्याला शिवलेला नाही आणि त्याच्या वजनानं मी कलते, पण तो येतो म्हणाला आहे. तिसरा मिळालेला नाही. कबर हलवायच्या परवानगीसाठी फेस्टीनं अर्ज केला आहे, त्याचं उत्तर आलेलं नाही. माझ्यावर डांबराचा एकच हात झाला आहे, दुसरा राहिला आहे.

डीलिया अजून रस्त्याकडेच्या दफनभूमीतच आहे.