बुरुलचाची बादली

"थांबा, आधी कोपर बुडवू द्या." बुरुलचानं बाही वर सारली आणि वाफाळत्या बादलीत कोपर घातलं.

तिचा नवरा शेरगाझी अंगणात वोल्गा मोटारीचं बॉनेट उघडून उभा होता. श्वासाची वाफ त्याच्या मिशांवर गोठली होती.

"बाळाला न्हाऊ घालतेयस की गाडीला?"

"बाळं तरी रोज न्हायची. तुम्ही वसंतात नौरूजचा सण येईपर्यंत अंगाला पाणी लावाल तर शपथ. ओता आता."

तो हळूहळू रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागला. पाणी उकळतं असेल तर गारठलेलं इंजिन तडकतं, गार असेल तर बारीक नळ्यांत गोठून बसतं. डोंगरातल्या नारीनच्या हिवाळ्यात या दोहोंमधली ऊब बुरुलचाच्या कोपराला बरोबर कळायची. शेरगाझी सामूहिक शेतीच्या अध्यक्षाचा ड्रायव्हर होता तेव्हापासून हे चाललेलं. पुढं ती शेती मोडली, अध्यक्ष गेला आणि जुनी वोल्गा तेवढी शेरगाझीच्या पदरात पडली. संध्याकाळी तो रेडिएटर आणि इंजिनाच्या दोन्ही तोट्या उघडून पाणी काढून टाकायचा आणि स्टिअरिंगला 'पाणी नाही' असा पुठ्ठा अडकवायचा. सकाळी ती बादली घेऊन यायची. एकमेकांशी गोड बोलणं दोघांना कधी जमलं नाही. जे काही होतं ते या बादलीतूनच जायचं.

अलीकडे बुरुलचाचं एकेक हरवत चाललं होतं. मुलाचं नाव हरवलं. बहीण वारलीय हे हरवलं. चहात नेहमीचं मीठ घातलं की नाही, तेही आठवेना. बादली मात्र शिल्लक होती, आणि हिवाळ्याच्या तोंडावर तीही जाता जाता राहिली.

झालं असं, की मुलगा एर्निस राजधानीतून, बिश्केकहून, पाण्याऐवजी भरायचं निळं कूलंट घेऊन आला. त्यानं ते स्वतः गाडीत भरलं.

"बाबा, हे गोठत नाही. आता आईला पहाटे उठवू नका. तिची तब्येत बघा जरा."

पोरगं मायेनंच बोललं होतं. दुसऱ्या दिवशी बुरुलचा बादली घेऊन अंगणात आली तेव्हा शेरगाझी म्हणाला, "आता नको गं. पोरानं औषध घातलंय गाडीत."

ती तशीच उभी राहिली. बादलीतली वाफ विरत गेली.

"मग मी कशाला उठू?" तिनं विचारलं.

त्यानंतर ती खरोखरच उठेनाशी झाली. दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. हाक मारली तर कुणा परक्यानं मारावी तशी बघायची. एका संध्याकाळी शेरगाझीनं गाडीखाली शिरून तोट्या उघडल्या आणि पोराचं महागडं कूलंट डब्यात काढलं. जनावरांच्या तोंडी लागू नये म्हणून झाकण घट्ट बसवून डबा माळ्यावर लपवला. मग घरात येऊन म्हणाला, "बुरुल, उद्या पाणी लागेल हं."

"ते काय सांगायला हवं?" ती फणकाऱ्यानं म्हणाली. पहाटे चूल पेटली.

एर्निसला फोनवर तो सांगायचा, "झकास चाललीय गाडी."

मग जानेवारीच्या ऐन कडाक्यात एक दिवस ती बादली घेऊन आली, पण वाफ दिसेना. ओसरीतल्या पिंपातून तिनं सरळ बादली भरून आणली होती. वर बर्फाचे तुकडे तरंगत होते. कोपर बुडवायचंही ती विसरली होती.

"बघा बरं, जमलंय का?" असं म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

चूल पेटली नाही, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की ती पुन्हा भिंतीकडे वळेल आणि या खेपेला परत येणार नाही, याची त्याला भीती वाटली. त्यानं बाही वर केली आणि कोपर पाण्यात घातलं. हाडापर्यंत कळ गेली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "नेहमीसारखं."

ती खुशीत हसली. त्यानं सगळी बादली रेडिएटरमध्ये ओतली. आतून बारीक करकर ऐकू आली. नळ्यांत पाणी गोठल्याची ती करकर त्याच्या ओळखीची होती. आयुष्यभर त्याच आवाजाला भिऊन तो रोज तोट्या उघडत आला होता.

"या लवकर," बुरुलचा म्हणाली. ती हात हलवून आत गेली.

शेरगाझीनं वाकून तोटी उघडली. थेंबही आला नाही. तो गाडीत जाऊन बसला. किल्ली त्यानं फिरवलीच नाही. 'पाणी नाही'चा पुठ्ठा मांडीवर घेऊन, रोज बाजारात जाऊन यायला लागतो तेवढा वेळ तो बसून राहिला. बोटं बधिर झाली तेव्हा उतरून घरात आला.

"आलात? गाडीनं त्रास नाही ना दिला?"

"छे. पाणी छान तापलं होतं."

बुरुलचानं समाधानानं मान हलवली आणि उद्यासाठी बादली चुलीजवळ सरकवून ठेवली. चूल थंड होती. तो चुलीपुढं बसला आणि त्यानं काडी ओढली.