डावा म्हणजे कुणाचा

पान एकतीस. पहिला प्रयत्न.

जुलैतल्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या ब्लाननान्तच्या वस्तीवर लोकर कातरायला सगळं खोरं लोटायचं. अंगणात सोळा बाकडी मांडली जायची. आम्ही बायका पहाटेपासून बटाटे सोलत बसायचो. थंड मटण, मनुकांचा पाव, बादलीभर चहा. आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे. मोठं खेळीमेळीचं वातावरण

खोडलं. खेळीमेळीचं हा शब्द बेननबाईंचा. पुस्तिकेत सतरा वेळा आलाय, मी मोजलाय.

दुसरा प्रयत्न.

आधी हे लिहायला हवं की मी हे पान का लिहिते आहे.

बेननबाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून खोऱ्याच्या आठवणींची पुस्तिका काढताहेत. शनिवारी ती छापायला जाईल. पान तीसवर त्यांनी एक ओळ टाकली आहे: ‘१९५१ साली टी-ड्राऊच्या इथेल प्रॉथेरोनं शेजाऱ्याची चौदा कोकरं चोरली, व त्याला खोऱ्याच्या जुन्या रीतीनं शिक्षा झाली.’ शेजारी म्हणजे माझे सासरे, गेथिन पॅरी.

इथेल जाऊन दोन हिवाळे झाले. त्याची मुलगी मेरेरिड पोस्टाची खिडकी सांभाळते. मंगळवारी आम्ही हॉलमध्ये पुस्तिकेची पानं लावत होतो तेव्हा ती आत आली, कोट न काढताच.

“बेननबाई, ती ओळ काढा.”

“अगं, इतिहास आहे तो.”

“माझ्या बापाचा कान आहे तो.”

“मेरेरिड, अख्खं खोरं हेच सांगतं. पुरावा आण, काढते.”

“अख्खं खोरं! एक मेंढी उडी मारते आणि बाकीच्या तिच्यामागून. खाली काय आहे ते बघतंय कोण?”

“लाउरी मावशी होत्या त्या दिवशी तिथं. विचार त्यांना. पुढचं पान त्याच लिहिताहेत.”

मेरेरिडनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे बापाचे आहेत.

“मावशी?”

मी म्हटलं, “बघते.”

पंचेचाळीस वर्षं मी हेच म्हणत आले आहे. बघते.

तिसरा प्रयत्न. यात फक्त कान.

आमच्या डोंगराला कुंपण नाही. सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरतात. त्यामुळे प्रत्येक वस्तीची कानावरची खूण वेगळी. ती मे महिन्यात कोकराच्या कानावर चाकूनं करायची, ती मरेपर्यंत राहते. लोकरीवरचा रंगाचा शिक्का पावसात धुतला जातो, कान धुतला जात नाही.

ब्लाननान्तची खूण: डावा कान, शेंडा उडवलेला, खालून एक खाच.

ओढ्यापलीकडच्या टी-ड्राऊची खूण: हीच. पण उजवा कान.

दोन्ही वस्त्या कधीकाळी दोघा भावांच्या होत्या, म्हणून.

१९५१च्या मार्चमध्ये मी लग्न होऊन इथं आले, डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून. वय एकवीस. मे महिन्यात वरच्या मेंढवाड्यात नवरा इद्वाल आणि मी खुणा करत होतो. इद्वालच्या चाकूची मूठ निसटली. तो दुसरा आणायला खाली गेला. जाताना म्हणाला, “तू चालू ठेव. डावा हं, लाउरी.”

माझ्या खिशात माझ्या वडिलांचा चाकू होता.

या खोऱ्यात कोकरू मागून, गुडघ्यांत धरतात. डावा म्हणजे कोकराचा डावा. माझ्या माहेरी कोकरू भिंतीला टेकवून बसवतात, तोंड आपल्याकडे. डावा म्हणजे कापणाऱ्याच्या डाव्या हाताकडचा.

चौदा झाली तेव्हा इद्वाल परत आला. मी कापलेली कोकरं कळपात मिसळली होती. “बरीच उरकलीस की,” तो म्हणाला आणि माझ्या नाकावरचं रक्त पुसलं. पुढची त्यानं केली, मी धरली. मागून, त्याच्या रीतीनं. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. हे कुणाला खरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही.

चौथा प्रयत्न. तो गुरुवार.

इथेल सकाळी सातलाच आला, कातर काखेत मारून, त्याची कुत्री मेग पायाशी. तिशीचा असेल. खोऱ्यात सगळ्यात हलक्या हाताचा कातरणारा. त्याच्या बाकड्यावरून मेंढी उठायची ती झोपेतून उठल्यासारखी.

“गेथिन,” तो ओरडला, “आज तुमच्या भुवयाही घेऊ का? दोन पौंड लोकर निघेल!”

सगळे हसले. सासरेही. ते त्यांचं शेवटचं हसू. दहाच्या सुमाराला त्यांना पहिलं कोकरू दिसलं.

मेंढी आमची, डावा कान. तिला लुचणारं कोकरू, उजवा कान. मग दुसरं. मग पाचवं. सासरे एकेकाला पाय धरून ओढत अंगणात आणत होते. चौदावं आणलं तेव्हा सगळ्या कातरी थांबल्या होत्या.

“इथेल. ही मेंढी कुणाची?”

“तुमची.”

“आणि हे पोर?”

इथेलनं कान चिमटीत धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. “खूण माझी आहे.”

“आई माझी आणि पोर तुझं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “इथेल, बाप तूच आहेस काय रे?”

हशा पिकला. त्या हशावर सासऱ्यांनी मूठ मारली. हसू अजून हवेत होतं आणि इथेलचे दात दगडांवर पडले होते.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातात डांबराचा डबा, कारण मेंढीला कातर लागली की पुरुष ‘डांबर’ म्हणून हाक मारतात आणि ते नेऊन जखमेवर लावणं नव्या सुनेचं काम. कोकरांचे कान दिसल्याबरोबर मला कळलं होतं. त्या भिंतीचा गारवा आठवला. माझा डावा हात आठवला.

तोंड उघडायला किती वेळ होता? भरपूर. इथेल उठला, खाली पडला, परत उठला, इतका वेळ होता.

मेगनं सासऱ्यांच्या पोटरीला दात लावले. त्यांनी हातातली कातर तिच्या मानेत घातली, दोन्ही पाती, आणि दाबली. कुत्री ओरडलीसुद्धा नाही. इथेल ओरडला. मग चौघांनी त्याला बाकड्यावर पाडलं आणि मेंढीचे बांधतात तसे पाय बांधले. ज्यांच्याकडे तो आदल्या आठवड्यात कातरून जेवला होता, तेच चौघं. एकजण त्याच्या छातीवर बसला आणि म्हणाला, “हलू नकोस, लागेल.” खरंच काळजीनं म्हणाला.

“पोलीस बोलवा,” इद्वाल पुटपुटला. माझा नवरा एवढंच बोलला, त्याचं तेवढं श्रेय त्याला.

“पोलीस इंग्रजीत लिहून नेतील,” सासरे म्हणाले. “मी आपल्या भाषेत लिहितो.”

त्यांनी खिशातला चाकू काढला. आधी शेंडा उडवला. मग खालून खाच. डावा कान. इथेलचा डावा. त्यांचा हात कोकरावर चालतो तसाच चालला, घाई नाही. शेंडा पायाशी पडला तेव्हा एक कोंबडी धावत आली आणि सोळा बाप्यांपैकी कुणीही तिला हाकललं नाही.

“डांबर!”

मी गेले.

त्याच्या मानेवरून रक्त सदऱ्यात उतरत होतं. मी बोटानं डांबर लावलं. तो माझ्या हाताकडे पाहत होता. डाव्या. मी डावखुरी नाही, पण कान धरण्याचं काम डावा करतो.

फक्त मला ऐकू येईल असं तो म्हणाला, “तुमच्या खोऱ्यात कोकरू कसं धरतात गं?”

मी डांबरात पुन्हा बोट बुडवलं.

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या सासऱ्यांकडे, त्यांच्या हातातल्या चाकूकडे. आणि डोळे मिटले. म्हणाला, “लाव. नीट लाव.”

त्याला कळलं होतं. तो एक वाक्य बोलला असता तर तो आळातून सुटला असता आणि बाकड्यावर मी असते. तो बोलला नाही. त्या दिवशी नाही, ऑक्टोबरमध्ये त्याच्या गवताच्या गंजीला कुणीतरी आग लावली तेव्हा नाही, पुढची त्रेचाळीस वर्षं नाही. त्याच्याकडे कातरायला कुणी गेलं नाही. सहाशे मेंढ्या तो एकटा कातरायचा, सप्टेंबर उजाडायचा. चॅपेलमध्ये डावीकडच्या भिंतीला खेटून बसायचा, म्हणजे तो कान भिंतीकडे राहील. मेरेरिडला सांगितलं, कुत्रं चावलं. मेगच्या माथी मारलं, बिचारीच्या.

सासरे १९६३ मध्ये गेले. त्यानंतर मला कुणाची भीती होती? कुणाचीच नाही. हेही छापा.

पाचवा प्रयत्न. शुक्रवार.

वरचं सगळं घेऊन मी आज दुपारी पोस्टात गेले. खिडकीवर गर्दी नव्हती. मेरेरिडनं पानं वाचली, उभ्यानंच. तिसरा प्रयत्न दोनदा वाचला. मग तिनं डावा हात उचलून भिंतीसमोर धरला, जणू तिथं काही बसवलं आहे, आणि तो तसाच ठेवून म्हणाली, “चौदा?”

“चौदा.”

“आणि बाबांना माहीत होतं.”

“हो.”

“दर वर्षी नाताळला तुम्ही केक पाठवायचात आमच्याकडे.”

“हो.”

“ते कधी खायचे नाहीत. मला म्हणायचे, तू खा. मावशीचा हात चांगला आहे.”

मग ती बाजूच्या दारानं बाहेर आली. मला वाटलं पोस्टाचं दार लावायला जाते आहे. तिनं माझा चष्मा काढला, घडी घालून खिडकीवर ठेवला आणि मुस्काडात दिली. बापाचा हात हलका होता, तिचा नाही. माझी एक दाढ हलते आहे. मी जिभेनं ती पुढेमागे करत हे लिहिते आहे.

“एक शब्द बदलू नका,” ती म्हणाली. “कोंबडीसुद्धा राहू दे.”

बेननबाई, पान तीसवरची ती ओळ काढा आणि पान एकतीसवर हे सगळे प्रयत्न जसेच्या तसे घ्या, खोडलेल्यासकट. जागा कमी पडली तर मनुकांच्या पावाची कृती काढा.

आणि कुणी विचारलंच तर: डाव्या गालावर. माझ्या डाव्या.

लाउरी पॅरी, ब्लाननान्त